कोरडा दगड

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कोरीफेलनला पोचले. बस वेळेवर, ऊन स्वच्छ, खोली अपेक्षेपेक्षा मोठी. खिडकीतून समोरची टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसते: खाली ओक आणि बर्च, त्यावर लार्चचा पिवळाधमक पट्टा, त्याच्याही वर स्प्रूसची काळपट लागवड. डासांचा हंगाम संपला आहे. तीन आठवडे राहायचं तर याहून चांगली सुरुवात मागता येत नाही. मन प्रसन्न आहे. असं काही मी सहसा लिहीत नाही.

काम सोपं आहे. टेकडीला वळसा घालणारी जंगलातली गोल पायवाट मोजायची. गावातले लोक तिला नुसतं ‘फेरा’ म्हणतात. लांबी, चढ-उतार, ओढ्यावरचे तीन पूल, पाणी कुठे साचतं, हे सगळं नकाशावर आणायचं. दुरुस्ती वसंतात सुरू होईल, पण आकडे माझे असतील.

घरमालकीण उना गिलँडर्स, साठीच्या पुढची. मेंढीच्या मांसाचं आणि जवाचं सूप, ओटची बिस्किटं, चहा. मोजकं बोलते, हे मला सोयीचं आहे. दाराशी तीन खुंट्या आहेत. मी कोट तिसरीवर अडकवला, तर तिने तो मुकाट्याने काढून मधल्या खुंटीवर लावला आणि म्हणाली, ती मर्डोची, बाळा. मर्डो तिचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी कुंपण बघायला फेऱ्यावर गेला, तो आलाच नाही. सूप चुलीवर होतं, म्हणाली, आणि मी त्याला ओरडून सांगितलं होतं, परत गरम करून देणार नाही म्हणून.

सांत्वन करणं मला जमत नाही. सूप चांगलं झालंय, एवढं म्हणाले. तिच्या कुत्रीने, नेलने, माझ्या बुटावर हनुवटी ठेवली होती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

उंची मोजताना पट्टी धरायला डगल्ड आला. सत्तरीचा वनरक्षक, निवृत्त झालाय पण ते कुणी त्याला सांगितलेलं दिसत नाही. माझं यंत्र बघून म्हणाला, एवढ्याशा दुर्बिणीतून टेकडी दिसत असेल तर चष्मा बदल पोरी, टेकडी ही समोर आहे.

फेरा जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे वाटेच्या कडेला दगडांची रास आहे. आत जाताना एक दगड राशीवर ठेवायचा, बाहेर आल्यावर आपला उचलायचा. लढाईला निघालेले लोक पूर्वी असं करत. परतलेल्यांनी आपापले उचलले की उरले ते मेलेले. हे मी डंडी शहरात शाळेत असतानाही ऐकलेलं. इथे अजून पाळतात, एवढंच नवीन. सध्या राशीत ३८ दगड आहेत. मी दोनदा मोजले.

लांबी ४.८१२ किलोमीटर. गोल वाटेवर जितकं चढतो तितकंच उतरतो, म्हणून जिथून निघालो त्या खुणेवर परत आल्यावर चढ-उताराची बेरीज शून्य यायला हवी. आज ९ मिलिमीटरचा फरक आला. जंगलात, उतारावर, डगल्ड पट्टी धरून शिट्टी वाजवत असताना ९ मिलिमीटर म्हणजे उत्तमच.

बाहेर आल्यावर त्याने स्वतःचा दगड खिशात टाकला आणि माझ्याकडे बघत थांबला. मी माझ्या दगडावर झाडांना खुणा करायच्या निळ्या खडूने रेघ मारून ठेवली होती, ती त्याला पसंत पडली. आपलाच उचलायचा, म्हणाला. मी विचारलं, दुसरा उचलला तर काय, संख्या तर तीच राहते. त्यावर तो म्हणाला, पबमधून निघताना दुसऱ्याचा कोट घालून जातेस का? आणि गेलीस, तर तुझा कोट कुठे राहिला? आत ना?

गंमत म्हणून राशीतला एक दगड उचलून बघायला गेले. हलला नाही. डगल्डने माझा हात धरून बाजूला केला, जोरात नाही. म्हणाला, एक फेरा, एक दगड. तुझा झाला. फेऱ्यातून बाहेर येणारा हातच दगड उचलू शकतो, आणि तोही एकच. मग त्याने डबा उघडला आणि अर्धं सँडविच मला दिलं.

दगड मातीत रुतला असणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुसरा फेरा, उलट दिशेने, पडताळणीसाठी. फरक ६ मिलिमीटर. नरहरणांचा माजाचा काळ आहे. दिवसभर टेकडीवरून हंबरणं ऐकू येत होतं. डगल्डच्या मते त्यातल्या एकाचा आवाज हुबेहूब गावच्या पाद्र्यासारखा आहे, फक्त हरणाचं प्रवचन लवकर आटोपतं. मी हसले. तो एवढा चकित झाला की पट्टी कलली आणि ते वाचन पुन्हा घ्यावं लागलं.

नोंद: तिसऱ्या पुलानंतर वाट जिथे स्प्रूसमध्ये शिरते, तिथे खालच्या उतारावरून चालल्याचा आवाज येतो. बरेच पाय, एका लयीत. डगल्डला विचारलं. पाणी असेल, म्हणाला, आणि शिट्टी वाजवायला लागला. खाली ओढा नाही. मी नकाशा पाहिला आहे.

उना दर रविवारी राशीपाशी जाते, असं आज कळलं. काही करत नाही, नुसती बसते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

डगल्डचा गुडघा सुजलाय, म्हणून एकटी गेले. यंत्र आणि पट्टी एकटीला झेपत नाही. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं हातातलं मापक घेतलं. अर्ध्या मीटरपर्यंत चुकतं, पण पाणी साचणाऱ्या जागा टिपायला पुरेसं आहे. सकाळी दगड ठेवला, निळी रेघ मारली. रास ३९.

अकरापासून पाऊस. तिसऱ्या पुलानंतर खालचा आवाज पुन्हा. मी थांबले की थांबत नाही. प्रतिध्वनी नाही, असा निष्कर्ष.

दोन चाळीसला बाहेर आले. मापकावरची बेरीज शून्य. खडू ओल्यावरही टिकतो असं डब्यावर लिहिलंय, टिकला नाही. रास धुऊन निघाली होती, सगळे दगड सारखेच काळे. माझा कुठला ते ओळखेना. सकाळी ठेवला होता त्या बाजूचे तीन-चार तपासले. बोटं गारठली होती.

मग एक दिसला, जरा डावीकडे. कोरडा. वर झाड नाही, आडोसा नाही, सगळ्या राशीवर धो-धो पाऊस आणि तो एकटा कोरडा. मधून गारगोटीची पांढरी शीर. हात लावला तर कोमट, कुणीतरी नुकताच मुठीतून खाली ठेवावा तसा. मानेवर श्वास लागल्यासारखं झालं. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

माझा नव्हता, हे मला कळत होतं. पण भिजले होते, आणि एकोणचाळीसातून एक वजा केला की अडतीसच राहतात. तो अलगद उचलला गेला. मोजले. ३८. संख्या जुळली.

खोलीच्या खिडकीत ठेवलाय. अजून कोरडा आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी उना चहा घेऊन आली आणि खिडकीपाशी थांबली. दगडाकडे वाकून पाहिलं. हा कुठून आणलास, असं विचारलं. मी सांगितलं. तिने आणखी एकच विचारलं: तुझा कुठे आहे? राशीतच असेल, म्हणाले. तिने कप ठेवला, दगड उचलला, ॲप्रनच्या खिशात घातला. धुऊन ठेवते, म्हणाली. दगड धुण्याइतका मळलेला नव्हता.

दिवसभर खोलीत बसून आकडेमोड. बाहेर धुकं.

चार वाजता जेवणाच्या खोलीत आले तर मर्डोच्या खुंटीवर कोट होता. गुडघ्यापर्यंत चिखलाचे गमबूट. टेबलाशी एक माणूस सूप पीत होता, पन्नाशीचा, केसांत स्प्रूसची सुईसारखी पानं. उना त्याच्यासमोर उभी राहून रडत होती आणि हसत होती, आणि त्याला शिव्या देत होती: मेल्या, गाढवा, सांगितलं होतं ना तुला, परत गरम करणार नाही म्हणून. आणि पातेल्यातून पुन्हा वाढत होती.

भिंतीवर त्यांच्या लग्नाचा आणि नंतरचेही काही फोटो आहेत. शेवटच्या फोटोत तो जेवढा आहे तेवढाच आहे. अकरा वर्षांत उना म्हातारी झाली. तो नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. पाहून मान खाली घातली. लाजलेल्या माणसासारखी.

माझं ताट मांडलेलं नव्हतं. गडबडीत राहिलं असेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

निरीक्षणं, क्रमाने.

नेल माझ्या पायांतून आरपार बघते. हाक मारली तर कान हलत नाही.

दुकानात काउंटरपाशी चार मिनिटं उभी राहिले. माझ्या मागून आलेल्या बाईने ब्रेड घेतला, पाद्र्याच्या खोकल्याबद्दल दुकानदारिणीशी बोलली आणि गेली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

कार्यालयात फोन केला. साहेब तीनदा ‘हॅलो’ म्हणाले, मग बाजूच्या कुणाला तरी माझ्याबद्दल म्हणाले, रँकिनचा नंबर आहे, पण नुसता पाऊस ऐकू येतोय. इथे पाऊस नव्हता.

राशीपाशी गेले. माझा दगड शोधून उचलायचा, एवढंच करायचं होतं. एकेक करून अडतीसही ओढून पाहिले. एकही हलला नाही. नखं तुटली. डगल्डचं वाक्य: फेऱ्यातून बाहेर येणारा हातच.

डगल्डच्या घरी गेले. तो खुर्चीत, पाय स्टुलावर. मी सगळं सांगितलं, मुद्देसूद, दोनदा. तो खिडकीबाहेर बघत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, मंगळवारी अर्धं सँडविच दिलं होतं पोरीला. आवडलं होतं तिला. डोळे पुसले. मी त्याच्यापासून दोन फुटांवर होते.

रविवार, १९ ऑक्टोबर

उनाला मी दिसत नाही, पण मी आहे हे तिला ठाऊक आहे. मर्डो झोपला असताना ती माझ्या खोलीत आली, दार लावलं, रिकाम्या खुर्चीसमोर बसली. मी खिडकीत होते. ती खुर्चीशी बोलली.

म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाही, बाळा. तुझा माझ्यावर असेल. मी तुला उचल म्हटलं नव्हतं हं. अकरा वर्षं दर रविवारी मी तिथे बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही उचल म्हटलं नाही. स्वतः आत जाऊन त्याचा उचलावा असंही मनात आलं, पण मग त्याला सूप कोण देणार? तू उचललास. आता तो परत ठेव असं तू म्हणशील. तो दगड मी ओढ्यात टाकला. नीट खोल पाण्यात टाकलाय. ते मात्र मी केलं, ते नाकारत नाही.

मग तिने माझा कोट मधल्या खुंटीवरून आणून पलंगावर ठेवला. घडी घालून. आत गार असतं म्हणतो तो, म्हणाली.

दारात थांबून म्हणाली, मर्डोने एवढंच सांगितलंय: खाली उतरू नकोस म्हणावं तिला.

सोमवार, २० ऑक्टोबर

योजना: नवा दगड न ठेवता फेरा पूर्ण करायचा. फेऱ्यातून आलेल्या हाताने माझा उचलायचा. तर्काला धरून आहे.

सकाळी ९.०५ ला निघाले. मापक राशीपाशी शून्यावर. पहिला पूल, दुसरा, तिसरा. चढ नेहमीइतका. उतार नेहमीपेक्षा जास्त वाटला. १०.५० ला वाट संपते तिथे आले.

रास नाही.

मापक: −४.५.

रास वर आहे. दरड आणि तांबूस नेच्यांच्या पलीकडे, साडेचार मीटर उंचावर, दिसते. नेच्यांतून वर चढले. वर पोचले तेव्हा मी पहिल्या पुलाशी होते. रास मागे, वर.

मापक बिघडलं असेल. पुन्हा फेरा.

−९.५.

सोमवार, पुढे

मर्डोचा निरोप मी विसरले नव्हते. पण वाट एकच आहे आणि ती उतरते. उलट दिशेनेही उतरते, करून पाहिलं. −१५.

जागच्या जागी थांबून पाहिलं. बसले तरी पाय वाटेला लागतात. हे नीट लिहिता येत नाही.

पुढे माणसं आहेत. सदतीस. मोजली. रांगेत, एका लयीत. तोच आवाज. कुणी पागोटेवजा टोपीत, कुणी पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी शालीत, एक बाई घागर घेतलेली, एकजण सायकलवाल्यांची चकचकीत पँट घातलेला. सगळ्यांच्या माना वर, राशीकडे. सायकलवाल्याला विचारलं, किती दिवस झाले. मान न वळवता म्हणाला, बोलू नकोस बाई, फुंकर चुकते.

तारीख नक्की नाही

फेरा ७. −३३.

ते फुंकर घालतात. प्रत्येकजण आपापल्या दगडावर. इतक्या खालून. वर पाऊस पडत असताना. वाळला तर दिसतो. दिसला तर कुणीतरी —

मर्डोला अकरा वर्षं लागली. त्याने मला —

ती लाजलेली मान. आता कळलं.

फेरा १२

वरचे लार्च उघडे पडले. इथे खाली अजून पिवळे. सुया गळत नाहीत. काही गळत नाही.

मी करणार नाही. मी कुणावर असं करणार नाही. शाईत लिहून ठेवते म्हणजे —

घागरवालीने वाचलं. हसली. म्हणाली, आम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं होतं गं.

फेरा — १९? २०?

−९०च्या खाली मापक दाखवत नाही.

बोटं गार. कोट चांगला आहे. उनाने घडी नीट घातली होती.

फेरा

वर आवाज. डगल्ड. काठी टेकत. कुणाला तरी म्हणतोय, चष्मा बदल पोरी, टेकडी ही समोर आहे.

मुलगी. लाल टोपी. खांद्यावर यंत्र, माझ्याच कार्यालयाचं. माझं उरलेलं काम करायला आली. दगड ठेवला. पिवळ्या खडूने रेघ मारली.

डगल्ड तिला कोटाचं सांगतोय. दोनदा सांगतोय. तिसऱ्यांदा. आवाज फाटलाय त्याचा. तिचा हात धरून सांगतोय. ती म्हणते, हो आजोबा, कळलं.

मग रास मोजते. बोट लावून. दोनदा.

तीही मोजते.

फेरा

आज एकटी आली आहे. पाऊस. तिला दुपारी बाहेर पडताना —

सगळे थांबले. पहिल्यांदाच थांबले. सदतीस माना वर. फुंकर. फुंकर. फुंकर.

मी घालणार नव्हते.

फक्त बघत होते. बघता बघता ओठ —

ती बाहेर आली. भिजली आहे. पिवळी रेघ गेली. शोधते आहे. बोटं गारठली असतील. मला माहीत आहे. उजवीकडचा नको, तो घागरवालीचा, अर्धाच वाळलाय, नको. माझ्याकडे बघ. डावीकडे. कोरडा आहे. कोमट आहे. तुझा नाही हे तुला कळतंय, असू दे. एकोणचाळीस वजा एक, पोरी. संख्या जुळते. मोजून बघ. जुळते. हात खाली आण. अजून. तोच. हो, तोच — उच